जातं थांबव, आवाज येतोय

(कोळवण, तालुका मुळशी इथं दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

भातलावणीचे दिवस आहेत, दिवसभर चिखलात उभं राहून तुम्ही संध्याकाळी इथं आलात, त्यामुळे मी फार लांबण लावणार नाही. विषय मोठा भारदस्त छापलाय, ‘स्त्रियांच्या गाण्याचा इतिहास आणि त्याचं जतन’. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्या विषयातल्या माणसाला ‘जतन’ म्हटलं की पहिला प्रश्न पडतो तो, जतन कशाचं? त्या प्रश्नाकडे येते. आधी माझी एक चूक सांगते, कारण आज जे काही बोलणार आहे ते त्या चुकीतूनच आलेलं आहे.

१९८४ साल. आमच्या घरी नवा टेपरेकॉर्डर आलेला. माझी आत्या मावळात राहायची. गावात गिरणी झाली होती, पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाट बंद व्हायची, मग नाचणी घरच्या जात्यावर. ती दळताना ओव्या म्हणायची. मी ठरवलं, हे भरून ठेवायचं. पहाटे उठून तिच्यासमोर बसले, बटण दाबलं. थोड्या वेळानं ऐकून पाहिलं तर जात्याची घरघर एवढी, की शब्द कळेनात. म्हटलं, “आत्या, जरा जातं थांबव गं, आवाज येतोय. नुसतं गा.” ती थांबली. दोन ओव्या म्हणाली, तिसरीला अडली. म्हणाली, “हात थांबला की तोंड थांबतं, बाई.”

ही पहिली चूक. दुसरी अशी, की ती दोन ओव्यांच्या मध्ये बोलायची. ही सासूच्या तोंडची, ही मी माहेराहून आणली, ही म्हणताना अमकीला रडू यायचं. ती बोलायला लागली की मी टेप बंद करायची. कॅसेट साठ मिनिटांची, वाया कशाला घालवायची! आणि तिसरी चूक म्हणजे घरी आल्यावर मी कॅसेटवर काहीच लिहिलं नाही. लेबल कोरं. पुढं काही वर्षांनी आमच्याच घरातल्या एका पोरानं कोरी कॅसेट समजून तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. आत्या तोवर गेली होती. पोराला काय बोलणार? नाव मी लिहिलं नव्हतं.

तर तीन चुका. जातं थांबवलं, बोलणं कापलं, नाव लिहिलं नाही. गेली कित्येक वर्षं मी कुठलाही गाण्यांचा संग्रह हातात घेतला की या तीन चुकांच्या फूटपट्टीनं मोजते. आज तेच करणार आहे. मोजायला घेतलेला संग्रह तुमच्याच तालुक्याशी बांधलेला आहे, म्हणून तो मुद्दाम इथं, कोळवणात, घेते.

आधी थोडं मागं जाऊ. बायकांच्या ओवीची फार जुनी नोंद सापडते ती चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, बाराव्या शतकातली. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, एवढंच तिथं म्हटलंय. राजानं नोंद घेतली, चांगलं झालं. पण बघा, सुरुवातीपासून घडी कशी बसलीय. गाते बाई, लिहितो दुसरा कुणी, आणि लिहिलेल्यात बाईला नाव नाही. जनाबाईचं नाव राहिलं, कारण तिनं ते अभंगात गुंफलं आणि पंथानं ते सांभाळलं. बाकीच्यांचं कोण सांभाळणार?

विसाव्या शतकात संग्रह झाले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या नावानं ओव्यांचा मोठा संग्रह केला. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत अफाट काम केलं. इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ केली. ही सगळी माणसं प्रेमानं आणि कष्टानं राबलेली. ते झालं नसतं तर आपल्या हातात काय राहिलं असतं, याचा विचारही करवत नाही. तरी साने गुरुजींचा संग्रह उघडून बघा. ओवी आहे, तिच्यावरचं हळवं भाष्य आहे, पण ओवीखाली गाणारीचं नाव नाही. म्हणजे ओवी ‘लोकांची’. आता ‘लोक’ या शब्दावर माझा जुना राग आहे. चार पुरुषांनी लिहिलं की ते कवी होतात, चारशे बायांनी रचलं की ते ‘लोक’ होतात.

आणि या ग्रंथांमध्ये चाल नाही, हे वेगळं सांगायला नको. छापील पानावर ओवी दोन ओळींची दिसते. प्रत्यक्षात बाई अर्धी ओळ पुन्हापुन्हा घोळते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ असे शब्द घालते, वैरण घालायला हात आखडला की सूर लांबवते. ते पानावर येत नाही.

आता तुमच्या तालुक्याकडे येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ही नावं इथल्या वयस्कर मंडळींना माहीत असतील. गी मूळचे फ्रान्सचे, पुढं भारतीय नागरिक झाले. पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था आणि इथल्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटना, असं त्या दोघांचं काम. १९८० च्या दशकात त्यातूनच ओव्या गोळा करायचं काम उभं राहिलं. लक्षात घ्या, हे विद्यापीठातून आलेलं काम नव्हतं. गरिबांची संघटना बांधताना प्रश्न पडला की बाया सभेत बोलत नाहीत, तर त्या बोलतात कुठं? उत्तर मिळालं, जात्यावर. मग ओवी हेच त्यांचं बोलणं मानून ते उतरवून घ्यायला सुरुवात झाली. उतरवून घेणाऱ्यांत मुळशीतले, गावातलेच कार्यकर्ते होते, बायाही होत्या.

वीसेक वर्षांत १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १,००० हून अधिक गावं, ३,००० हून अधिक गाणाऱ्या बाया. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक आले, त्यांनी शब्द आणि आवाज एकत्र ठेवणारा संगणकीय साठा बांधला. सुमारे १२० तासांची ध्वनिमुद्रणं झाली. त्यांच्या प्रती गुरुग्रामच्या लोकसंगीत-अभ्यासाच्या अभिलेखागारात आणि फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स इथं ठेवल्या गेल्या. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. काम तिथंच संपायचं, पण ‘पारी’नं, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’नं, ते पुढं चालवायला घेतलं आणि २०१७ पासून या ओव्या आवाज, फोटो, मराठी शब्द आणि भाषांतरांसह लोकांपुढं येऊ लागल्या.

आता फूटपट्टी लावू.

नाव. इथं या साठ्याला पैकीच्या पैकी गुण. ओवीला गाणारीचं नाव जोडलेलं आहे, गाव आणि तालुका जोडलेला आहे. मानसोल्लासापासून धरलं तर हे केवढं मोठं वळण आहे! आणि ‘पारी’च्या मंडळींनी आणखी एक केलं. जुन्या मुद्रणातल्या बायांना वीस-वीस वर्षांनी शोधत ते पुन्हा त्यांच्या दारात गेले. कुणी भेटल्या, कुणी गेल्या होत्या, तर त्यांची माणसं भेटली. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, मी त्या बायांपैकी एकीचंही नाव अजून घेतलेलं नाही. मुद्दाम घेत नाही. मी घेतलं तर ते माझ्या भाषणाचा दागिना होईल. ती नावं त्यांच्या लेकीसुनांनी घ्यावीत, त्यासाठी शेवटी एक विनंती करणार आहे.

बोलणं. इथंही माझ्यापेक्षा त्यांनी शहाणपणानं केलं. त्या १२० तासांत नुसती गाणी नाहीत, ओव्यांवरचं बोलणंही आहे. बाईला ओवीचा अर्थ विचारला गेला आणि तिनं सांगितलेला अर्थ हा अर्थ म्हणून धरला गेला. गी आणि हेमाताईंची ‘स्टोनमिल अँड भक्ती’सारखी पुस्तकं त्यातूनच आली. माझी तक्रार एवढीच, की हे विवेचन बरंचसं इंग्रजी-फ्रेंचमध्ये राहिलं. जिच्या ओवीचा अर्थ लावला, तिच्या नातीला तो वाचता येत नाही.

जातं. इथं मात्र गाडं अडतं, आणि इथूनच माझी खरी टीका सुरू होते.

थोडा हिशेब करू, मास्तरकीची सवय आहे. एक ओवी घोळून म्हणायला अर्धा मिनिट धरा. १२० तास म्हणजे ७,२०० मिनिटं. त्यातलं सगळं नुसतं गाणंच आहे असं धरलं तरी साडेचौदा हजारांच्या आत ओव्या बसतात, आणि त्यात बोलणंही आहे. म्हणजे लाखातल्या बहुतेक ओव्या आपण वाचू शकतो, ऐकू शकत नाही. हा दोष कुणाचा नाही. वही स्वस्त होती, यंत्र महाग होतं. पण ‘एक लाख गाण्यांचा खजिना’ असं जेव्हा कौतुकानं म्हटलं जातं, तेव्हा गाणी किती आणि गाण्यांचे शब्द किती, हे वेगळं सांगायला हवं. आकडा मोठा असला की माणूस निर्धास्त होतो. निर्धास्त झाला की राहिलेलं काम राहूनच जातं.

दुसरं, मांडणी. साठा विषयवार लावलेला आहे. सीतेचा वनवास एका खणात, माहेर दुसऱ्या, भाऊ तिसऱ्या, पंढरी चौथ्या, बाबासाहेब आंबेडकर आणखी एका. अभ्यासकाला ही सोय मोठी आहे. सगळ्या महाराष्ट्रातल्या बाया सीतेबद्दल काय म्हणतात हे एका जागी दिसतं, आणि ते वाचून अंगावर काटा येतो. पण जात्यावर बसलेली बाई खणांनुसार गात नाही. ती देवाच्या नावानं सुरू करते, सीतेवर येते, सीतेवरून स्वतःच्या सासरी, सासरवरून भावाच्या वाटेकडे. आता मला सांगा, सीतेवरून ती भावाकडे का वळली? त्या वळणातच तिचा विचार आहे. मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी, मला सुटी विधानं कितीही सुंदर असली तरी पुरत नाहीत. एका विधानावरून दुसऱ्यावर माणूस कसा गेला, ते मला हवं असतं. खणांत लावताना नेमकं तेच तुटतं. गाणारीचं नाव आणि गाव हाताशी असल्यामुळे तो धागा काही ठिकाणी पुन्हा जुळवता येईल. पण तो कुणीतरी बसून जुळवायला हवा. हे काम पुढच्या पिढीचं आहे.

तिसरं आणि सगळ्यात अवघड. बऱ्याचशा मुद्रणांच्या वेळी गिरण्या येऊन काळ लोटला होता. बाया ओसरीवर मिळून बसतात आणि गातात, किंवा माणसं आलीत म्हणून जातं मांडतात. जिथं जातं फिरतं तिथंही दळण संपवायची घाई नाही, पहाटेचा अंधार नाही, आणि समोर ऐकणारं कुणीतरी आहे. ओवी मुळात कुणाला ऐकवायची नव्हतीच. पुरुष झोपलेले, पोरं झोपलेली, जागी फक्त जात्याच्या पलीकडं खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ. त्या एकांतात ‘सासू’, ‘नवरा’ हे शब्द निघायचे. ते आज जगात कुठूनही ऐकता येतात. १९९६ साली टेपसमोर बसलेल्या बाईनं ‘घ्या भरून’ म्हटलं, तेव्हा नातजावई मोबाइलवर हे ऐकेल असं तिच्या मनात होतं का? मी कुणावर ठपका ठेवत नाही. बऱ्याच जणींना आपला आवाज जगभर गेल्याचा आनंदच होईल. पण विचारायला हवं, आणि ‘नको’ म्हणाली तर ती ओवी बाजूला ठेवता यायला हवी. जतन करणाऱ्याला हे पटायला जड जातं. मलाही जातं.

आता थोडं बाहेर बघू, कारण हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये इलिनॉय राज्यात बायांनी आपला राष्ट्रीय संगीत महोत्सव भरवायला सुरुवात केली. १९७६ मध्ये मिशिगनमध्ये दुसरा सुरू झाला आणि तो २०१५ पर्यंत दरवर्षी भरला. त्या मिशिगनच्या महोत्सवात रंगमंच बांधण्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळं बायांनीच करायचं, ऐकायलाही बायाच. कुणाला बाई म्हणून आत घ्यायचं, यावरून तिथं अनेक वर्षं कडाक्याचा वादही झाला. असल्या मेळ्याचा इतिहास लिहायचा तर नुसती गाण्यांची टेप पुरेल का? तार कुणी ओढली, पोरं कुणी सांभाळली, भांडण कशावरून झालं, दाराबाहेर कोण राहिलं, हे कोण सांगणार?

आपल्याकडे बायांचा संगीत महोत्सव कुठला? पंचमीचे फेर, भोंडला, मंगळागौर, आणि रोज पहाटेचं जातं. आपला महोत्सव दोन बाईंचा आणि एका दगडाचा. त्यालाही दार होतं, बरं का. गावातल्या सगळ्या बाया एका जात्यावर बसत नव्हत्या. वाड्यातलं जातं वेगळं, महारवाड्यातलं वेगळं. बाबासाहेबांवरच्या ओव्या ज्या घरांतून आल्या, त्या घरांतल्या बायांना वरच्या आळीच्या ओसरीवर कुणी बसवत नव्हतं. आज आपण ‘आमच्या गावच्या ओव्या’ म्हणून सगळ्या एकत्र वाजवतो, आणि ऐकताना वाटतं की गाव किती एक होतं! नव्हतं. हे दार कुठं होतं, हेही जपायला हवं, नाहीतर जतनाच्या नावाखाली आपण इतिहास पुसू.

तसाच दुसरा एक मेळा इथं, तुमच्या डोळ्यांदेखत होऊन गेला. ओव्या गोळा करण्यासाठी बाया घराबाहेर पडल्या, दुसऱ्या गावात मुक्काम केला, अनोळखी बायांसोबत बसून गायल्या, अर्थावर वाद घातले. ज्या बाईनं कधी एकटीनं एसटी पकडली नव्हती ती वही घेऊन परगावी गेली असेल, तर तिच्या घरात त्या दिवशी काय झालं? कोण रागावलं, कोणी भाकरी टाकल्या? गाणी साठ्यात आली. ती आणणाऱ्यांची गोष्ट मात्र आज त्यांच्याच आठवणीत आहे, आणि त्या साठी-सत्तरीच्या पुढं आहेत. माझ्याच वयाच्या. आमच्या वयात ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य जपून वापरावं लागतं.

एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यायचा आहे. दोन-तीन तास दगड ओढणं म्हणजे काय, ते माझ्या आत्याच्या तळहातावर लिहिलेलं होतं. गिरणी आली ते बरंच झालं. ‘जातं गेलं, संस्कृती गेली’ असं म्हणणाऱ्याला मी विचारते, तुम्ही किती पायल्या दळल्यात? मला जातं परत नको आहे. पण मग मी घरघरीसाठी एवढी का हळहळते? कारण घरघर काढून टाकली की ओवी नुसती गोड लागते. गोड गाणं ऐकून आपण म्हणतो, ‘वा, काय सुखाचे दिवस होते.’ घरघरीसकट ऐकली तर कळतं की हे गाणं दमलेल्या बाईनं, दमताना, दम टिकवण्यासाठी म्हटलंय. मी १९८४ मध्ये ‘आवाज येतोय’ म्हणाले, तेव्हा जो आवाज मला अडथळा वाटला तो तिचे कष्ट होते. मी तिला कष्ट वगळून गायला सांगत होते. ‘जतन कशाचं’ या सुरुवातीच्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढं उत्तर आहे, की गाण्याचं तर हवंच, पण ते गाणं ज्याला टेकून उभं होतं त्याचंही. दोन्ही एका कॅसेटवर मावत नाहीत, म्हणून वही लागते.

आता काय करायचं ते सांगते आणि थांबते. फार पैसे लागणार नाहीत. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तो माझ्या टेपरेकॉर्डरपेक्षा शंभर पटीनं बरा आहे. घरातल्या म्हाताऱ्या बाईशेजारी बसा. गा म्हणू नका, आधी बोलतं करा. मध्येच बोलली तर बटण दाबू नका. कुत्रं भुंकलं, सून आत-बाहेर करत राहिली, चालू द्या. जातं अडगळीत पडलं असेल तर खुंट्याला नुसता हात लावू द्या, ओव्या कशा येतात ते बघा. मग वहीत लिहा, तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, ओवी कुणाकडून शिकली, सोबत कोण बसायचं, कोण बसायचं नाही. ‘हे कुणाला ऐकवू?’ असं तिलाच विचारा आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहा. प्रत तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक गावातच, शाळेत किंवा वाचनालयात. एक्स-आँ-प्रोव्हान्सला असलेली प्रत आपल्याला गर्वाची आहे. पण मुळशीतल्या पोरीला आपल्या आजीचा आवाज ऐकायला समुद्रापार असलेल्या खणाचा आधार लागू नये.

मघाशी म्हटलं होतं ती विनंती अशी. इथं टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात ओव्या म्हणणारी बाई आहे किंवा होती, त्यांनी जाताना तिचं नाव लिहून जावं. ओवी नको, आज फक्त नाव. पहिल्या पानावर मी माझ्या आत्याचं लिहिलं आहे. चाळीस वर्षं उशीर झाला, पण लिहिलं.